कळवणे आणि ठरवणे : संस्थांच्या भिंतींआड घडणाऱ्या बाल-अत्याचारांची माहिती देण्याच्या कर्तव्याचा इतिहास

१/ गोव्याने २००३ साली बालकांसाठी एक स्वतंत्र कायदा केला. त्यात एक तरतूद आज वाचताना चमत्कारिक वाटते. फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्याला एखाद्या फिल्मवर बालकांचे अश्लील चित्रण आढळले, तर त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात कळवले पाहिजे. न कळवल्यास तुरुंगवास. डिजिटल कॅमेऱ्यांच्या तोंडावर फिल्म धुणाऱ्यांची आठवण कोणाला व का झाली असावी?

२/ उत्तर मडगावात सापडते. तेथे फ्रेडी पीट्स नावाचा गृहस्थ ‘गुरुकुल’ या नावाने निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत असे. अनाथांचा वाली म्हणून त्याला गावात मान होता. एप्रिल १९९१मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा मुलांच्या छायाचित्रांचा आणि निगेटिव्हांचा मोठा साठा पोलिसांच्या हाती लागला. मार्च १९९६मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. फिल्मच्या कलमामागे मडगाव असावे, असा माझा तर्क आहे.

३/ पीट्सची कथा अनेकांनी लिहिली आहे. या धाग्याचा विषय तो नाही. या धाग्याचा विषय आहे त्याच्या भोवतीची माणसे. अशा प्रत्येक आश्रमात दूध घालणारा असतो, तपासायला येणारा डॉक्टर असतो, स्वयंपाकाच्या बाई असतात, देणगीदार असतात. त्यांच्यापैकी कोणाला काही खटकले, तर त्याने काय करावे? हा प्रश्न कायद्याने विचारायला फार उशीर केला. त्या उशिराचा हा इतिहास.

४/ सुरुवात भारताबाहेर करावी लागते. जुलै १९६२मध्ये अमेरिकेच्या डेन्व्हर शहरातील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ७१ रुग्णालयांकडून त्यांना एका वर्षातील ३०२ बालकांची माहिती मिळाली होती. त्यांतील ३३ दगावली होती. (याच केम्पेंनी त्या सुमारास मद्रासेत देवीच्या साथीवर काम केले होते, हे जाता जाता.)

५/ निबंधातील वैद्यकीय भाग नवा नव्हता. लहानग्यांच्या हाडांवरील न उलगडणारे अस्थिभंग क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६मध्येच नोंदवले होते. नवा होता तो डॉक्टरांना विचारलेला प्रश्न. समोरच्या आईबापांनीच हे केले असेल, असे मानायला डॉक्टरचे मन तयार होत नाही. पोलिसाची भूमिका घेणे त्याला नको असते. म्हणून तो पट्टी बांधून मूल घरी पाठवतो. केम्पेंनी सांगितले की, हे पुढे चालता कामा नये.

६/ परिणाम विलक्षण वेगाने झाला. पाच वर्षांच्या आत अमेरिकेतील सर्व राज्यांत अशी माहिती देण्याचे कायदे झाले. पण त्यांच्या मुळाशी एक गृहीतक होते : अत्याचार घरात होतो आणि डॉक्टर, शिक्षक, परिचारिका हे बाहेरून पाहणारे साक्षीदार असतात. साक्षीदार आणि आरोपी एकाच मस्टरवर सही करत असतील, तर काय, याचा विचार त्यांत फारसा नव्हता.

७/ ते चित्र आयर्लंडने जगासमोर मांडले. धार्मिक संघांनी चालवलेल्या तेथील औद्योगिक शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल मे २००९मध्ये प्रसिद्ध झाला. वरिष्ठांना ठाऊक असे, आणि ठाऊक झाल्यावर ते संबंधिताची दुसऱ्या शाळेत बदली करत, असे त्यात नोंदले आहे. नव्या शाळेत नवी मुले असत.

८/ बदली. हा शब्द आपल्याला परका नाही. माझ्या लहानपणीच्या शाळेत एका सरांच्या खोलीत एकटीने जायचे नाही, हे पाचवीच्या मुली सहावीत जाताना मागच्या वर्गाला सांगून जात. शिक्षकांच्या खोलीतही ते माहीत असावे, कारण वह्या तपासून आणायला त्या सरांकडे नेहमी मुलगेच पाठवले जात. एका जूनमध्ये ते सर दिसले नाहीत. संस्थेची तालुक्यात आणखी एक शाळा होती. ती कोणत्या गावी, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. कोणी काही विचारले नाही. मीही नाही.

९/ आता मुंबई. १९९५च्या सुमारास डंकन ग्रँट या ब्रिटिश नागरिकाने रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज’ नावाची निवारागृहे सुरू केली. कुलाबा, कफ परेड आणि मुरूड. त्याचा मित्र अॅलन वॉटर्स तेथे येऊन राहत असे. २००१मध्ये मुलांच्या तोंडून प्रकार बाहेर आला आणि चाइल्डलाइन तसेच काही कार्यकर्त्यांनी तो धसास लावला.

१०/ ही वाट सरळ नव्हती. पोलिसांचा प्रारंभीचा प्रतिसाद थंड होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. वॉटर्सला न्यूयॉर्कहून प्रत्यार्पणाने आणावे लागले. मार्च २००६मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले, २००८मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले आणि मार्च २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्र न्यायालयाची शिक्षा कायम केली. तक्रारीपासून दहा वर्षे. २००१मध्ये बोलणारी मुले तोवर तरुण झाली होती.

११/ या खटल्यात तिसरा आरोपी होता, तो निवाऱ्याचा व्यवस्थापक. मुलांना मारहाण करणे आणि गुन्ह्यांना साथ देणे यांसाठी त्यालाही तीन वर्षांची शिक्षा झाली. येथे बारकाईने पाहावे लागते. त्याला शिक्षा झाली ती त्याने जे केले त्यासाठी. त्याच्या जागी कोणावर हात न उचलणारा, केवळ सारे जाणून गप्प राहणारा मनुष्य असता, तर त्याला त्या गप्प राहण्यासाठी पकडायला महाराष्ट्रात त्या काळी सुटसुटीत कलम नव्हते.

१२/ ते कलम १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आले. लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणारा अधिनियम, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत ‘पोक्सो’. त्याचे १९वे कलम म्हणते : असा गुन्हा घडण्याची शक्यता वाटते किंवा घडल्याचे ज्ञान आहे, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना माहिती दिली पाहिजे. ‘कोणत्याही’ हा शब्द पाहावा. अमेरिकेची आरंभीची यादी डॉक्टरांपासून सुरू झाली होती; येथे यादीच नाही. दूधवाला आला, स्वयंपाकाच्या बाई आल्या.

१३/ आणि पत्ता पाहावा. मुख्याध्यापक नव्हे, विश्वस्त मंडळ नव्हे, आश्रमाचे महाराज नव्हेत. पोलीस. ‘मी वरिष्ठांच्या कानावर घातले होते’ हे वाक्य जगभरच्या चौकशी अहवालांत इतक्या वेळा येते की, त्याचा स्वतंत्र इतिहास लिहिता यावा. सांगणाऱ्याला त्याने मोकळे वाटते. वरिष्ठ संस्थेचे नाव, प्रवेश, अनुदान यांचा हिशेब मांडतो. मूल त्याच खोलीत झोपते. १९व्या कलमाने ही मधली पायरीच काढून टाकली.

१४/ २१व्या कलमात शिक्षा आहे. माहिती न देणाऱ्या सामान्य माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाच्या गुन्ह्याबाबत गप्प राहिला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. अधिकाराबरोबर शिक्षा वाढते. बालकाने सांगितले नाही म्हणून मात्र त्याला शिक्षा नाही; हा अपवाद कलमातच लिहून ठेवला, हे चांगले केले.

१५/ पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१३मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने संस्थांचा स्पष्ट उल्लेख केला. शाळा, वसतिगृहे, बालगृहे, निरीक्षणगृहे, जेथे जेथे मुले राहतात तेथील प्रमुखांनी अशी गोष्ट कळताच गुप्तता राखून पोलिसांना कळवावे, असा आदेश दिला. न कळवणे हाही गंभीर गुन्हा ठरवला.

१६/ कायदा कागदावर राहिला का? मुझफ्फरपूरचे प्रकरण सांगतो. बिहारमधील शंभराहून अधिक निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने केले. मुझफ्फरपूरच्या एका बालिकागृहाविषयी त्यांनी अहवालात लिहिले. त्या गृहात शासकीय अधिकारी आणि बालकल्याण समितीचे सदस्य येत-जात असत; त्यांनी आजवर काही लिहिले नव्हते. ३१ मे २०१८ रोजी गुन्हा नोंदला गेला.

१७/ जानेवारी २०२०मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने २०पैकी १९ आरोपींना दोषी ठरवले. त्यांत बालसंरक्षण विभागाची एक सहायक संचालक होती. तिच्यावर सिद्ध झालेला गुन्हा एकच : २१वे कलम, माहिती न देणे. शिक्षा सहा महिने. सूत्रधाराला मरेपर्यंत जन्मठेप झाली, तेव्हा या सहा महिन्यांची बातमी कोपऱ्यात गेली. माझ्या मते या धाग्याच्या विषयापुरती तीच मोठी बातमी होती.

१८/ अडचण मात्र एका शब्दात उरली आहे : ‘ज्ञान’. गुन्हा होऊ शकेल अशी भीती पुरेशी आहे. पण होऊन गेलेल्या गुन्ह्याबाबत कायदा ‘ज्ञान’ मागतो. संशय आणि ज्ञान यांच्यात अंतर किती? २०१८मध्ये केरळच्या एका खटल्यात, अल्पवयीन मुलीचे बाळंतपण करणाऱ्या रुग्णालयातील डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाने आरोपमुक्त केले. डॉक्टरांनी स्वतः तपास करून ज्ञान मिळवावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही, असा त्याचा आशय होता.

१९/ चारच वर्षांनी दुसरा काटा तोलला गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचा गुन्हा एप्रिल २०१९मध्ये दाखल झाला. मुली तिसरी ते पाचवीतल्या. त्यांना तपासण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरला प्रकार कळूनही त्याने कळवले नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने डॉक्टरवरील गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल कारवाई मोडीत काढली.

२०/ आरोप खरा की खोटा, हे त्या निकालाने ठरवले नाही. ते खटल्यात ठरायचे. न्यायालयाने सांगितले ते इतकेच की, तत्पर माहिती मिळाली नाही, तर या कायद्याचा हेतूच फसतो आणि जाणूनबुजून न कळवणे हा बहुधा गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो. म्हणून असा खटला उंबरठ्यावरच संपवता येणार नाही.

२१/ ऑगस्ट २०२४चे बदलापूर सर्वांच्या स्मरणात आहे. बालवर्गातील दोन मुली, शाळेतला एक कर्मचारी, पोलीस ठाण्यात ताटकळलेले पालक, २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरलेला जमाव. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने माहिती का दिली नाही, हा प्रश्न विचारला. संस्थेच्या जबाबदार व्यक्तींवर २१व्या कलमाखाली गुन्हा नोंदला गेला. कायदा होऊन तेव्हा जवळपास बारा वर्षे झाली होती.

२२/ ‘आणि आरोप खोटा निघाला तर? एका भल्या माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल.’ हा आक्षेप प्रामाणिकपणेही घेतला जातो, म्हणून त्याला उत्तर द्यावे. खोटी तक्रार द्वेषाने करणाऱ्याला या कायद्यात शिक्षा आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र १९व्या कलमानुसार कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. कळवणाऱ्याने दोषी कोण हे ठरवायचे नसते. ‘आधी आपण खात्री करून घेऊ’ म्हणणारी संस्था तेच ठरवू पाहते. त्या खात्रीच्या काळात मुलीला चार जणांसमोर तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते आणि आरोपीला सावध होण्यास वेळ मिळतो.

२३/ पण संशयाचे ते मधले अंतर कायद्याने अद्याप पूर्ण बुजवलेले नाही. ‘मला नक्की ठाऊक नव्हते’ म्हणणारा न्यायालयात सुटू शकतो. आमच्या शाळेतले शिक्षक आजच्या कायद्याखालीही कदाचित सुटले असते. वह्या मात्र त्यांनी मुलग्यांकरवीच पाठवल्या होत्या.

२४/ शेवटी, फारसे कोणी वाचत नाही असे एक पोटकलम. १९व्या कलमाखाली दिलेल्या प्रत्येक माहितीला पोलीस ठाण्यात नोंद क्रमांक द्यावा लागतो. ती लेखी उतरवून घ्यावी लागते आणि माहिती देणाऱ्याला वाचून दाखवावी लागते. सांगणारे बालक असेल, तर ती सोप्या भाषेत लिहायची, म्हणजे काय लिहिले गेले ते त्याला समजेल. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे. ठाण्यातून उठण्यापूर्वी तो क्रमांक मागून घ्यावा.