सर्वांच्या कुलुपाची कथा



घराला कुलूप लावतांना तें कोणीं घडविलें, याचा विचार आपण क्वचितच करतों. आज मी ज्या कुलुपाचा इतिहास सांगणार आहें, तें जगांतील असंख्य पेढ्या, कचेऱ्या व दुकानें इंटरनेटवरील आपल्या दारांना लावीत आलीं आहेत. त्याचें नांव ‘ओपन-एसएसएल’. गुप्त भाषेंत मजकूर पाठविण्यासाठीं लागणाऱ्या संगणकी आज्ञांचा हा तयार संग्रह १९९८ सालीं सुरू झाला. तो विनामूल्य असून त्यांतील प्रत्येक ओळ कोणासही वाचावयास मोकळी आहे.

मार्च २०१२ मध्यें निघालेल्या आवृत्तींत ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयस्पंदन, नांवाची नवी सोय होती. एका संगणकानें एखादा शब्द पाठवून त्याची अक्षरसंख्या कळवावयाची व दुसऱ्यानें तो जसाच्या तसा परत करावयाचा. म्हणजे संबंध तुटलेला नाहीं असें समजे. परंतु कळविलेली संख्या व आलेलीं अक्षरें यांचा ताळा पाहावयाचें राहून गेलें! चारदोन अक्षरें पाठवून “हीं ६४,००० आहेत, परत द्या” असें कोणी म्हटलें, तर तो भोळा संगणक आपल्या स्मृतींत शेजारीं पडलेलें सर्व कांहीं, परवलीचे शब्द व प्रसंगीं गुप्त किल्लीसुद्धां, देऊन मोकळा होई.

दोन वर्षें हें उघड झालें नाहीं. पुढें गूगलचे नील मेहता व फिनलंडमधील कोडेनोमिकॉन कंपनीचे तज्ज्ञ यांना तें स्वतंत्रपणें आढळलें आणि ७ एप्रिल २०१४ रोजीं दुरुस्त आवृत्ति प्रसिद्ध झाली. ठिगळ लहानच होतें: संख्या जुळत नसल्यास उत्तरच द्यावयाचें नाहीं. परंतु तें ठिकठिकाणीं बसवून किल्ल्या व परवलीचे शब्दही बदलावे लागले. तेवढ्या अवधींत कॅनडाच्या करखात्यांतून सुमारें ९०० नागरिकांचे क्रमांक चोरीस गेले.

मग चौकशी झाली, तेव्हां कळलें कीं, या कुलुपाची निगा राखणारा पूर्णवेळ मनुष्य अवघा एक, आणि वर्षाच्या देणग्या सुमारें २,००० डॉलर! त्याच महिन्यांत लिनक्स फाउंडेशननें मोठ्या कंपन्यांकडून अशा कामांसाठीं निधि उभारण्यास आरंभ केला.

गणित सुटलें तरी ताळा पाहा, असें मी आयुष्यभर विद्यार्थ्यांस सांगत आलों. येथें चुकलेल्या एकट्या विद्यार्थ्यास बोल लावून भागणार नाहीं. वही सर्वांसमोर उघडी होती. ती तपासण्याचे कष्ट मात्र प्रत्येकानें दुसऱ्यावर सोंपविले होते.