बातम्यांची वेबसाइट वाचकाची कोणती माहिती घेते?

बहुतेक बातम्या वाचकाला फुकट मिळतात. वेबसाइटचा खर्च मुख्यतः जाहिरातींतून निघतो आणि कोणाला कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवण्यासाठी वाचकाची माहिती वापरली जाते. ज्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येते, ती वैयक्तिक माहिती.

माहिती कशी गोळा होते?

समजा, श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनमधल्या एका वाचकाने फेसबुकवर आलेली वादळाच्या इशाऱ्याची बातमी उघडली. तिथून माहिती तीन प्रकारे जाते.

१. वाचकाने दिलेली: नोंदणी करताना भरलेले नाव, ईमेल, मोबाईल क्रमांक.
२. आपोआप नोंदलेली: आयपी पत्ता, फोनचा प्रकार, वाचनाची वेळ. ब्राउझरमध्ये ठेवलेल्या 'कुकी' या छोट्या नोंदीमुळे तोच वाचक पुन्हा आल्याचे कळते.
३. इतर कंपन्यांकडे जाणारी: पानावर 'मेटा पिक्सेल'सारखा कोड असेल, तर त्या भेटीची खबर फेसबुकच्या कंपनीलाही मिळते.

लहान गावात धोका का वाढतो?

आयपी पत्त्यावरून ठिकाणाचा फक्त अंदाज येतो. मोबाईल नेटवर्कवर बोर्लीतला वाचक मुंबईत असल्याचेही दिसू शकते. 'लोकेशन'ची परवानगी दिली, की ठिकाण बरेच अचूक कळते. एकाच मॉडेलचा फोन मुंबईत हजारो जणांकडे असतो, लहान गावात मोजक्यांकडे. त्यामुळे नाव न देताही माणूस ओळखला जाऊ शकतो. त्याने एखाद्या आजाराविषयी काय वाचले, हेही मग खासगी राहत नाही.

कायदा काय सांगतो?

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून वेबसाइटवरील मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील.

• संमती स्पष्ट कृतीतून हवी. नुसते वाचत राहणे म्हणजे संमती नव्हे.
• संमतीची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल.
• संमती देण्याइतकेच ती मागे घेणेही सोपे असावे.
• १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी.
• सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र दंड सरकारी तिजोरीत जातो. माहिती फुटलेल्या वाचकाला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. वाचकाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला, उदाहरणार्थ उघड प्रोफाइलवर टाकलेल्या मोबाईल क्रमांकाला, हा कायदा लागूच होत नाही. म्हणून माहिती देण्याआधीची सावधगिरी महत्त्वाची.

वाचकाने काय करावे?

• बातमीसाठी लोकेशनची परवानगी देऊ नये.
• कुकीच्या चौकटीत 'सर्व स्वीकारा'ऐवजी नकाराचा पर्याय शोधावा.
• फेसबुकवरून उघडलेली लिंक पुढे पाठवताना शेवटी जोडलेला 'एफबीसीएलआयडी' हा लांबलचक भाग काढून टाकावा. त्यावरून मूळ क्लिक ओळखता येते.
• नको असलेले खाते बंद करून माहिती पुसण्याची लेखी मागणी करावी. मुख्य तरतुदी लागू झाल्यावर वेबसाइटने दाद न दिल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे ऑनलाइन तक्रार करता येईल.