ठराव आणि पाटी

अस्पृश्यता केव्हा नष्ट झाली, असे विचारले असता आमचे विद्यार्थी संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाचा हवाला देऊन मोकळे होतात. उत्तरास पूर्ण गुणही मिळतात. परंतु ठराव संमत होणे आणि तो समाजाच्या अंगवळणी पडणे, या दोहोंमधील काळाचा हिशेब त्यात येत नाही. आणि इतिहासाचा खरा अभ्यास तर त्या मधल्या काळाचाच होय.

महाडचे उदाहरण सर्वश्रुत आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. पुढल्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून ठराव केला. तरीही चवदार तळ्याच्या पाण्यास हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी १४ वर्षे!

असाच दुसरा काळ आमच्या पिढीने पाहिला. बुऱ्हाणपूर हे दक्षिणेचे दार. त्या दारातून आम्हीही १९९१ साली लोधीपुरा सोडून कला शाखेच्या अभ्यासासाठी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, गेलो. तेथील मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला होता. त्यावर दंगली उसळल्या, खेड्यापाड्यांतील दलितांची घरे जळाली, माणसे प्राणास मुकली आणि ठराव तसाच राहिला. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपुराहून लाँग मार्च निघाला, तरी पाटी बदलली नाही.

आमच्या वसतिगृहात एका ताटात जेवणारे मित्र नावाचा विषय निघताच अबोल होत. घरच्या पत्रात विद्यापीठाचे नाव कोणते लिहावे, हाही पक्ष घेण्याचा प्रश्न असे. "शिक्षण मिळते आहे ना, मग नाव कशाला?" असे एकाने विचारले. त्यावर जळालेल्या वस्तीतून आलेला आमचा एक सहाध्यायी शांतपणे उत्तरला, "पाणी तर दुसऱ्या विहिरीलाही होते." आम्हांस त्या एका वाक्यात महाड आणि औरंगाबाद यांचा संबंध उलगडला. वाद पाण्याचा नव्हता, तसा तो नावाचाही नव्हता. बरोबरीच्या मानाचा होता.

१४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागले. मध्ये १६ वर्षे लोटली होती. पुढे तेच नाव विरोधकांच्या मुलांच्या पदव्यांवरही छापले गेले, आणि त्या पदव्यांचे मोल कमी झाले नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. अमेरिकेत शाळांतील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली अवैध ठरविला. तरी १९५७ साली लिटल रॉक येथे ९ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यास सैन्य पाठवावे लागले.

कायदा दार उघडतो, हे खरे. पण उंबरठा ओलांडणाऱ्याचे स्वागत आतील माणसांनीच करावयाचे असते. ही माणसे घडविण्याचे काम विधिमंडळाचे नव्हे, ते शाळेचे आहे. म्हणून १७ वा अनुच्छेद शिकविताना त्याच्या तारखेपाशी न थांबता पुढील वर्षेही मोजावयास शिकवावे, असे आम्हांस वाटते.