वाचनाचा चष्मा

वाचनाचा चष्मा म्हणजे जवळची अक्षरे स्पष्ट दिसावीत यासाठी वापरला जाणारा बहिर्वक्र भिंगांचा चष्मा. बहुधा चाळिसाव्या वर्षानंतर त्याची गरज भासते. म्हणूनच मराठीत या चष्म्यालाही 'चाळिशी' हे नाव पडले. दिवसातून अनेकदा त्याची काढ-घाल होत असल्याने तो हलका व टिकाऊ असणे महत्त्वाचे ठरते.

गरज

वयपरत्वे डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी होते व जवळचे धूसर दिसू लागते. वैद्यकात या अवस्थेस 'प्रेसबायोपिया' म्हणतात. चष्म्याचा नंबर साधारणतः +१.०० पासून सुरू होऊन साठीपर्यंत +२.५० च्या आसपास जातो. आसामातील चहामळ्यांत चाळिशीपुढील कामगारांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे आढळले.

चौकट

* टीआर-९० : नायलॉन वर्गातील प्लास्टिक. अतिशय हलके, वाकवल्यास पूर्ववत होते.
* टायटॅनियम : पोलादाच्या जवळपास निम्म्या घनतेचा धातू. घामाने गंजत नाही, त्यामुळे कोकणपट्टीच्या दमट हवेत उपयुक्त, मात्र महाग.
* ॲसिटेट : टीआर-९० पेक्षा जड, परंतु उष्णता देऊन चेहऱ्याच्या ठेवणीनुसार बसवता येते.
* साधे मिश्रधातू : स्वस्त. घामाने मुलामा उडतो. निकेल असल्यास काहींच्या त्वचेस खाज सुटते.

चौकट सहसा काडीच्या बिजागरीपाशी निकामी होते. स्प्रिंगची बिजागरी काडी बाहेर ताणली गेल्यास ताण सोसते.

भिंगे

काचेच्या भिंगांवर ओरखडे कमी पडतात. पण ती प्लास्टिकच्या भिंगांहून जवळपास दुप्पट जड असतात व पडल्यास फुटतात. सीआर-३९ हे प्रचलित प्लास्टिक हलके असते. पॉलिकार्बोनेट त्याहून हलके व आघात सोसणारे असते. मात्र त्यावर ओरखडे लवकर पडत असल्याने संरक्षक लेप आवश्यक असतो.

तयार चष्मे आणि नेत्रतपासणी

दुकानात मिळणाऱ्या तयार चष्म्यांत दोन्ही भिंगांचा नंबर समान असतो. डोळ्यांचे नंबर भिन्न असल्यास किंवा तिरकस नंबर असल्यास ते पुरेसे ठरत नाहीत. तयार चष्म्याने अक्षर दिसू लागले की तपासणी लांबणीवर पडते, हा मोठा धोका होय. काचबिंदू बहुधा वेदनेवाचून वाढतो आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. उतारवयात चष्म्यावाचून अचानक वाचता येऊ लागणे हेही मोतीबिंदूचे लक्षण असू शकते. रायगड जिल्ह्यात नवीन पनवेल येथील आर. झुनझुनवाला शंकरा आय हॉस्पिटलसारख्या नेत्ररुग्णालयांत डोळ्यांच्या तपासणीची सोय आहे.

निगा

भिंगे प्रथम पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावीत. कोरड्या पदराने किंवा सदऱ्याने पुसल्यास धुळीचे ओरखडे पडतात. चष्मा दोन्ही हातांनी काढावा, भिंगांवर पालथा ठेवू नये आणि वापरात नसताना चष्म्याच्या घरात ठेवावा.