मानेवरील टिकून राहणारी सूज

मानेत कुठेही आलेली आणि तीन आठवड्यांनंतरही न ओसरलेली गाठ किंवा फुगवटा. घसा बसला, दाढ किडली किंवा डोक्यात फोड झाले की मानेत अवधाण येते. ते हाताला दुखते आणि मूळ कारण बरे झाले की बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरते. त्यापुढे टिकणाऱ्या सुजेचे कारण शोधावेच लागते. श्वासनलिका, अन्ननलिका, स्वरयंत्राच्या नसा आणि मोठ्या रक्तवाहिन्या मानेत अगदी दाटीने असतात. त्यामुळे वाढत्या गाठीचा दाब त्यांच्यावर पडतो. शर्टाचे वरचे बटण लागेनासे होणे, उताणे झोपल्यावर गळा आवळल्यासारखा वाटणे, घास अडकणे, आवाज घोगरा होणे ही त्याची लक्षणे.

गलगंड : कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची, प्रौढात साधारण १५ ते २५ ग्रॅम वजनाची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्या वाढीस गलगंड म्हणतात. ही ग्रंथी श्वासनलिकेला बांधलेली असल्याने घोट गिळताना वर सरकते. म्हणून डॉक्टर रुग्णाच्या मागे उभे राहून गळ्यावर बोटे ठेवतात आणि त्याला पाण्याचा घोट घ्यायला लावतात. आयोडीनची कमतरता, हाशिमोटो व ग्रेव्ह्ज हे आजार आणि ग्रंथीतील गाठी ही याची प्रमुख कारणे. यांतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, थोड्या कर्करोगाच्या निघतात. गलगंड छातीच्या हाडामागे उतरला, तर दोन्ही हात डोक्यावर धरताच काही वेळात चेहरा लाल होतो व श्वास अडखळतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून केलेल्या प्रयोगात, आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या भागांत गलगंड घटल्याचे दिसले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्रौढाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते.

गंडमाळ : मानेच्या बाजूच्या लसीका ग्रंथींना होणारा क्षयरोग. गाठी एकमेकींना चिकटून माळेसारख्या दिसतात. त्या फारशा दुखत नाहीत. पुढे मऊ होतात, वरची कातडी जांभळट पडते आणि फुटून महिनोन्‌महिने वाहतात. सुईने पेशी किंवा पू काढून निदान होते. औषधे साधारण सहा महिने न चुकता घ्यावी लागतात. सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात.

कर्करोग : तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री यांची सवय असलेल्यांत तोंडाचा व घशाचा कर्करोग मानेतल्या ग्रंथींत उतरतो. अशी गाठ दगडासारखी कठीण असते आणि पुढे जागची हलत नाही. पुष्कळदा तोंडातील जखमेआधी हीच गाठ लक्षात येते. रबरासारख्या लवचिक, न दुखणाऱ्या गाठी, ताप, रात्री घाम आणि घटते वजन हे एकत्र आल्यास लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची तपासणी करतात.

इतर कारणे : जेवताना जबड्याखाली फुगून नंतर उतरणारी सूज बहुधा लाळग्रंथीतील खड्याची असते. जीभ बाहेर काढताच वर सरकणारी मधली गाठ जन्मजात पुटीची असते. नाडीसारखी उडणारी गाठ दाबू नये. सगळी मान व चेहराच सुजत असेल, तर छातीतील मोठ्या शिरेवर दाब आहे का, ते पाहतात. गाठ नसताना घशात गोळा असल्यासारखे वाटणे आणि जेवताना ते नाहीसे होणे, हे आम्लपित्त किंवा मानसिक ताणामुळेही घडते.

निदान : सोनोग्राफी, थायरॉइडची रक्ततपासणी आणि सुईने पेशी काढून केलेली तपासणी यांतून बहुतेक गाठींचे निदान होते. लेप, शेक किंवा चोळणे यांत वेळ घालवू नये. श्वास घेताना घरघर होणे किंवा थुंकीही न गिळता येणे, अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

दुखणारी गाठ माणसाला दवाखान्यात नेते, न दुखणारी घरीच बसवते. मात्र गंडमाळ व कर्करोग या दोहोंत गाठी सुरुवातीला बहुधा दुखत नाहीत. म्हणून तीन आठवडे टिकलेली गाठ दुखो वा न दुखो, डॉक्टरांना दाखवावी.