टोपी, घोंगडी आणि मधला चेहरा

आज एका छोट्याशा यंत्राची गोष्ट. पण सुरुवात मिरजगावपासून.

समजा, नगर-सोलापूर रस्त्यालगत भर दुपारी एक आजोबा उभे आहेत. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर काळी घोंगडी, मधे सावळा चेहरा. तुम्ही मोबाईल काढता, फोटो घेता. मागचं आभाळ झकास येतं, चेहरा मात्र काळा ठिक्कर. आणि उद्या नातवंडांना बघायचा असतो तो चेहराच!

हा पेच जुना आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. तेव्हाच्या फिल्मला निळा उजेड चांगला दिसायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणजे लाल कुंकू पडद्यावर काळं! विजेवर चालणारे मीटर अजून यायचे होते. भरवसा सूर्यावर आणि स्वतःच्या डोळ्यांवर.

१९३२ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टनचा मीटर आला. आत सेलेनियम, उजेड पडला की वीज तयार होते, काटा हलतो. भारी ना? पण यात एक गोम होती. मीटर समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. आणि समोर काहीही असो, ते मध्यम करडं आहे असंच धरून चालतो. म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं.

आता १ नोव्हेंबर १९४१. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ अॅन्सेल अॅडम्स या फोटोग्राफरला चंद्रोदय दिसला. स्मशानातल्या क्रुसांवर शेवटचं ऊन होतं. मीटर काही केल्या सापडेना! पण चंद्राची चमक त्याला पाठ होती: दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून हिशोब मांडून त्यानं एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत ऊन गेलं.

त्यानं काय केलं? अख्खं दृश्य सोडून एकच ठिपका धरला. हातात धरायचा स्पॉट मीटर नेमकं हेच करतो. डोळ्याला लावायचा, मधलं छोटं वर्तुळ हव्या त्या जागी न्यायचं. अनेक मीटर फक्त १ अंशाचा भाग मोजतात. शेजारी शेजारी ठेवलेले दोन पूर्ण चंद्र, एवढाच.

आता परत आपल्या आजोबांकडे. टोपी मोजून मीटरचं मुकाट ऐकलं, तर टोपी करडी आणि चेहरा काळोखात. घोंगडी मोजली, तर घोंगडी करडी आणि टोपीच्या घड्या गायब. मग चेहरा मोजा. पण तिथंही सावध! गडद सावळ्या चेहऱ्यालाही मीटर करडंच करायला बघतो, म्हणजे उजळवतो. अशा वेळी उजेड साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर आणायचा. तेव्हा रंग खरा येतो.

तुमच्या मोबाईलमध्येही याचीच एक छोटी सोय आहे. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावा, मग बऱ्याच फोनवर दिसणारं सूर्याचं चिन्ह जरासं खाली ओढा.

यंत्र उजेड मोजतं. त्यातलं जपायचं काय, हे त्याला कळत नाही. ते ठरवणारं बोट आपलं.

तर मंडळी, आज घरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढाच. भेटू पुढच्या भागात!