राजौरीची वाट : 8 ते 12 एप्रिल 1948

नोव्हेंबर 1947 : राजौरी हल्लेखोरांच्या हाती पडते. शहरात कत्तल होते. मागे उरलेल्यांचं काय होऊ शकतं, हे तेव्हाच कळून चुकतं. शहर सोडवायला निघालेल्या भारतीय फौजेची वाट नौशेऱ्याहून डोंगरातून जाते.

8 एप्रिल, सकाळी 11.00 : त्या वाटेवरचा मैल 26. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे सुरुंग काढणारी तुकडी घेऊन रणगाड्यांजवळ उभे आहेत. वय 29, गाव कारवारजवळचं चेंडिया. 1940 मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती, मग ब्रह्मदेशची लढाई. अधिकारी होऊन चार महिनेही झालेले नाहीत. उखळी तोफांचा मारा सुरू होतो. दोन जवान ठार, राणेंसह पाच जखमी. राणे मागे जात नाहीत.

दुपारी 4.30 : बरवालीची डोंगरधार डोग्रा पलटण जिंकते. राणे पुढे सरकून रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला घेतात.

रात्री 10.00 : काम थांबतं. वळणरस्ता अपूर्ण.

9 एप्रिल, सकाळी 6.00 : पुन्हा सुरुवात.

दुपारी 3.00 : वळणरस्ता तयार. अर्ध्या मैलावर चीडाची झाडं आडवी, सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच.

संध्याकाळी 5.00 : उडवलेली मोरी. मशीनगनच्या माऱ्यात बाजूने वाट काढली.

6.15 : पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा पहारा. उजेड सरत आलाय. राणे सुरुंग काढू लागतात. रणगाडा दलाचा प्रमुख मुक्कामाचा हुकूम देतो.

10 एप्रिल, पहाटे 4.45 : राणे त्याच झाडांपाशी. 6.30 ला अडथळा दूर. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी भरलेले. राणे रणगाड्याखालून सरपटत दोरीने चालकाला खुणा करत होते, असं सांगतात.

10.30 : वाट मोकळी. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरतात.

दुपारी 2.00 : रणगाडे वाटेतल्या चिंगसला. रसद मागेच. राणे रात्री 9.00 पर्यंत अन्नाविना रस्ता साफ करतात.

11 एप्रिल, सकाळी 11.00 : चिंगसपर्यंत रस्ता खुला. पुढचं काम रात्री 10.00 पर्यंत.

12 एप्रिल : फौज राजौरीत शिरते. हल्लेखोर पळालेत, पण जाण्याआधी कत्तल करून. खड्ड्यांत प्रेतं आहेत. सुमारे दीड हजार माणसं वाचतात.

राणेंना परमवीर चक्र मिळालं. मानपत्रात सुरुंग, झाडं, मोरी, सगळं वेळेसकट नोंदलंय. सव्वासहा ते पावणेपाच, हे मुक्कामाचे साडेदहा तासही त्यातूनच मोजता येतात.